नाव, गाव, ट्रक, मालक

शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर आलेली कंपनीची ईमेल उघडू नये असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. चांगली बातमी असती तर ती सोमवारी सकाळी, सगळे ताजेतवाने असताना आली असती.

आमची कंपनी (नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो :) ) दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. तशी ईमेल महिन्याभरापूर्वीच आली होती. 'नव्या प्रवासाची सुरुवात' वगैरे. आम्ही सगळ्यांनी ती वाचली, कॉफी प्यायलो आणि परत कोड लिहायला लागलो. मग गेल्या शुक्रवारी दुसरी ईमेल आली. त्यात प्रवासाबद्दल काही नव्हतं, फक्त कोण गाडीत आहे आणि कोण खाली उतरतंय ते होतं. पुण्यातल्या टीममधले चौघे उतरले. त्यात आमचा लीडही होता. अकरा वर्षं त्या एका प्रॉडक्टवर काढलेला माणूस. मी नोकरीला लागलो तेव्हा मला पहिला बग शोधायला शिकवला तो त्याने. मी त्याला दादा म्हणतो.

मी सध्या सहा महिन्यांसाठी हॉलंडात आइंडहोव्हनला ऑनसाइट आहे. मी 'गाडीत' आहे. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. तीन आठवड्यांपूर्वी मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दादाकडून सगळी माहिती नीट लिहून घे, काही सुटायला नको. आमच्या भाषेत याला केटी म्हणतात. मी रोज संध्याकाळी दादाबरोबर कॉलवर बसलो आणि शंभर पानांचं डॉक्युमेंट तयार केलं. हे कशासाठी चाललंय ते दुसऱ्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही. त्याच्याही लक्षात आलं असणार. तोही बोलला नाही.

तर शुक्रवारी रात्री मी त्याला फोन केला नाही. शनिवारी सकाळी पण केला नाही. बाहेर पाऊस, म्हणजे इथला पाऊस, धड पडतही नाही आणि धड थांबतही नाही. खोलीत बसून फोनकडे बघत राहण्यापेक्षा म्हटलं कुठेतरी जाऊ. आणि गेलो ट्रक बघायला.

आता आइंडहोव्हन म्हटलं की लोकांना फिलिप्स आठवतं. पण या गावाचं दुसरं अपत्य म्हणजे डॅफ. युरोपातल्या हायवेवर दर थोड्या वेळाने हे नाव समोर येतं. डॅफचं म्युझियम गावातच आहे आणि कंपनी जिथे सुरू झाली ते मूळ वर्कशॉपही तिथेच जपून ठेवलंय. आमच्या घरात ट्रकचं वेड पहिल्यापासून. आबा, म्हणजे माझे आजोबा, कराड-मुंबई ट्रक चालवायचे. त्यामुळे तिकीट काढताना पैसे वाया जातील अशी भीती नव्हती.

लहानपणी आपण 'नाव, गाव, फळ, फूल' खेळायचो, आठवतंय? अक्षर सांगायचं आणि चार रकाने भराभर भरायचे. युरोपातल्या ट्रक कंपन्यांचा इतिहास वाचताना मला सारखा तो खेळ आठवतो. फक्त इथे रकाने नाव, गाव, ट्रक आणि मालक असे आहेत, आणि एका ओळीतले चारही रकाने एकमेकांशी जुळतील याची काहीही खात्री नाही.

डॅफचीच ओळ भरू. संस्थापक हुब व्हान डोर्न. जन्म १९०० सालचा, गाव अमेरिका. थांबा, चूक नाही. हॉलंडच्या लिम्बुर्ख प्रांतात अमेरिका नावाचं एक खेडं आहे, तिथे हा लोहाराचा मुलगा जन्मला. आइंडहोव्हनमधल्या एका बीअर कारखान्याच्या प्रमुखाची मोटार त्याने झटपट दुरुस्त करून दिली. ते गृहस्थ, नाव ह्यूंगेस, इतके खूष झाले की त्यांनी स्वतःहून भांडवल देऊ केलं. १ एप्रिल १९२८ ला बीअर कारखान्याच्या आवारातच हुबचं वर्कशॉप सुरू झालं. पुढे धाकटा भाऊ विम येऊन मिळाला. एक यंत्रं बघणारा, एक हिशेब बघणारा. अशा जोड्या आपल्याकडच्या कारखान्यांतही सापडतील. १९३२ पासून ते ट्रेलर बनवायला लागले. डॅफमधला 'अ' हा मुळात 'आनहांगवाखन'चा, म्हणजे डच भाषेत ट्रेलरचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये स्वतःचे ट्रक आले आणि त्याच 'अ'चा अर्थ बदलून 'ऑटोमोबील' झाला. म्हणजे नाव तेच, अर्थ नवा. सुरुवातच अशी.

म्युझियममध्ये ट्रकांच्या बरोबरीने बुटक्या, गोंडस मोटारीही आहेत. होय, डॅफ मोटारीही बनवायचे. १९५८ मध्ये त्यांनी 'डॅफ ६००' आणली. तिचा गिअरबॉक्स हा हुबच्या डोक्यातला किडा. दात असलेली चाकं नाहीत, रबरी पट्टे आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या. नाव व्हेरिओमॅटिक. समजायला अवघड वाटत असेल तर तुमच्या गिअर नसलेल्या स्कूटरचं मागचं झाकण उघडून बघा, तत्त्व तेच आहे. या मोटारीची गंमत म्हणजे रिव्हर्ससाठी वेगळा गिअर नव्हता, तेच पट्टे उलटे फिरायचे. त्यामुळे ती पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाई. डच लोकांनी मग त्यांच्या उलट्या शर्यती लावल्या. माणसाला रिकामा वेळ मिळाला की तो कुठेही सारखाच :)

तिथे एक वयस्कर स्वयंसेवक उभे होते. मी बराच वेळ पुल्यांकडे बघत राहिलेला पाहून त्यांनी मला मॉडेल फिरवून दाखवलं. मी इंडियातून आलोय म्हटल्यावर त्यांनी पहिला शब्द उच्चारला, "लेलँड!"

मला आधी कळेना. मग त्यांनी मला एका जुन्या इंजिनासमोर नेलं आणि जे सांगितलं ते ऐकून माझा खेळ एकदम रंगात आला.

लेलँड हे इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातलं गाव. तिथे १८९६ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाड्यांची कंपनी निघाली, तीच पुढे लेलँड मोटर्स. ट्रक आणि बस म्हणजे लेलँड, असा तिचा एका काळी दबदबा. डॅफने सुरुवातीच्या ट्रकांत दुसऱ्यांची इंजिनं बसवली. १९५७ मध्ये स्वतःचा इंजिन कारखाना काढला तेव्हा तिथे लेलँडच्या परवान्याने इंजिनं बनवायला घेतली. आधी जसंच्या तसं बनवलं, मग एकेक भाग सुधारला, टर्बो लावला, करता करता इंजिन त्यांचं झालं. वर्षानुवर्षं डॅफच्या मोठ्या ट्रकांत जे साडेअकरा लिटरचं इंजिन धडधडत होतं त्याचं मूळ लेलँडच्या जुन्या इंजिनात आहे.

आणि बरोबर याच काळात लेलँडचा दुसरा विद्यार्थी मद्रासजवळ एन्नोरला शिकत होता. १९४८ ची अशोक मोटर्स. १९५० मध्ये तिने लेलँडशी करार केला, १९५५ मध्ये लेलँडने भांडवल घातलं आणि नाव झालं अशोक लेलँड. म्हणजे आइंडहोव्हन आणि एन्नोर हे एका शाळेतले, एकाच बाकावरचे म्हणा ना.

पुढे गुरुजींचे दिवस फिरले. १९६८ मध्ये लेलँडला ब्रिटनमधल्या डझनभर मोटार कंपन्यांबरोबर एकत्र बांधून ब्रिटिश लेलँड तयार केली. १९७५ मध्ये ती बुडायला आली तेव्हा सरकारने ताब्यात घेतली. ट्रकांत मिळवायचं आणि मोटारींत घालवायचं असं करत करत ट्रकांकडेही पैसा उरला नाही. शेवटी १९८७ मध्ये सरकारी रोव्हर ग्रुपने एकाच वर्षात दोन व्यवहार केले. लेलँडचा ट्रक विभाग डॅफमध्ये विलीन केला, त्यात डॅफचे ६० टक्के आणि रोव्हरचे ४०. आणि अशोक लेलँडमधला परदेशी हिस्सा हिंदुजा आणि इटलीच्या इव्हेकोला विकला. एका विद्यार्थ्याने गुरुजींचं घर घेतलं, दुसऱ्याकडे गुरुजींचं आडनाव राहिलं.

वाचायला छान वाटतं. पण घर घेतलं की घराचं कर्जही येतं. १९८९ मध्ये डॅफचे शेअर बाजारात आले तेव्हा सगळं जोरात होतं. आधीच १९८७ मध्ये आलेल्या 'डॅफ ९५' ला १९८८ चा इंटरनॅशनल ट्रक ऑफ द इयर पुरस्कार मिळाला होता. आणि मग ब्रिटनमध्ये मंदी आली.

इथे ट्रकच्या धंद्याचा एक नियम सांगतो, तो आबांनाही माहीत होता आणि डॅफच्या संचालकांनाही. मोटार माणूस हौसेने घेतो, ट्रक हिशेबाने. मंदीत वाहतूकदार पहिली गोष्ट काय करत असेल तर नवा ट्रक घेण्याचं पुढे ढकलतो. जुन्याचं इंजिन उतरवून काम करून घेतो आणि अजून दोन वर्षं ओढतो. असं हजारो जणांनी एकाच वेळी केलं की कारखान्याच्या दारात ऑर्डर येत नाही. पण कारखान्याचा खर्च थांबत नसतो. नवी केबिन, नवं इंजिन, १९९२ पासून लागू झालेले धुराचे युरो नियम, हे सगळं करायचंच असतं, मग ट्रक दहा हजार खपोत की एक लाख. लेलँड घेतल्यामुळे डॅफ ब्रिटनच्या बाजारावर फार अवलंबून होता आणि नेमका तोच बाजार खाली बसला. फेब्रुवारी १९९३ मध्ये डॅफ दिवाळखोरीत गेली. आइंडहोव्हनमध्ये, बेल्जियमच्या वेस्टरलोमध्ये, लेलँडमध्ये, बर्मिंगहॅमच्या व्हॅन कारखान्यात, सगळीकडे एकदम. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

मी त्या काकांना विचारलं, तुम्ही तेव्हा होतात का? ते इंजिन कारखान्यात होते. डच सरकार आणि बेल्जियममधलं फ्लेमिश सरकार यांनी मदत केली आणि थोड्याच दिवसांत 'डॅफ ट्रक्स' नावाची नवी, लहान कंपनी उभी राहिली. जुन्या कंपनीतली थोडी माणसं तिने परत घेतली, थोडी नाही. काकांना घेतलं. त्यांच्या शेजाऱ्याला, जो त्यांच्याच लाइनवर होता, नाही घेतलं.

"मग?" मी विचारलं.

ते म्हणाले, मग काही नाही, मी कित्येक महिने पाव आणायला दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात जात होतो. आणि परत ती पुली फिरवायला लागले.

मी तिथून पुढे सरकलो. थोडा लवकरच सरकलो.

आता डॅफ परत का उभी राहिली याची कारणं शोधायला गेलं तर ती फार साधी आहेत. ट्रक चांगला होता. इंजिन स्वतःचं होतं. आणि रस्त्यावर आधीच धावत असलेल्या डॅफना सुटे भाग लागणारच होते, त्यांच्या मालकांना काही दिवाळं निघालेलं चालणार नव्हतं. कंपनी हिशेबाच्या वहीत मेली होती, पण तिचा उपयोग संपला नव्हता. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पॅकारने ती विकत घेतली. केनवर्थ आणि पीटरबिल्ट बनवणारी, सिएटलजवळची कंपनी. म्हणजे अमेरिका नावाच्या खेड्यात जन्मलेल्या हुबची कंपनी अखेर खऱ्या अमेरिकेत गेली. लेलँडचा ट्रक कारखाना १९९३ मध्ये तिथल्या व्यवस्थापकांनीच विकत घेऊन चालू ठेवला होता, तोही पॅकारने १९९८ मध्ये घेतला.

तर आता रकाने भरा. लेलँड गावातल्या कारखान्यातून ट्रक बाहेर पडतो, त्यावर नाव डॅफ, मालक अमेरिकन. आणि लेलँड हे नाव आज ट्रकवर ठळक कुठे वाचायला मिळतं? एन्नोरला, होसूरला. आपल्या भंडाऱ्यातही अशोक लेलँडचा कारखाना आहे. लँकेशायरमधल्या गावाचं नाव कराडच्या नाक्यावर उभं असतं आणि खुद्द त्या गावात डच नावाचे ट्रक बनतात.

आणि हुबचा तो पट्ट्यांचा गिअरबॉक्स? मोटारींचा धंदा १९७५ मध्ये व्होल्वोच्या हाती गेला. मोटारींचा बॉर्न गावातला कारखाना पुढे व्होल्वो, मित्सुबिशी, शेवटी मिनी अशा पाट्या लावून २०२४ च्या सुरुवातीपर्यंत चालला. पण रबराच्या जागी पोलादी पट्टा घातलेला तो गिअरबॉक्स वेगळ्याच कंपनीत वाढला, ती १९९५ मध्ये बॉशने घेतली, आणि तसले पट्टे आज जगभरच्या ऑटोमॅटिक मोटारींत फिरतायत. मोटारीवरून डॅफचं नाव गेलं, कल्पना राहिली.

हे एकट्या डॅफचं नाही हो. बाहेर कॅफेत बसून मी बाकीच्या ओळी भरत बसलो. स्वीडनमधल्या दोन शेजाऱ्यांचं बघा. १९९९ मध्ये व्होल्वोने आपल्या मोटारी फोर्डला विकल्या आणि स्कॅनिया विकत घ्यायला निघाली. मार्च २००० मध्ये युरोपियन कमिशनने सांगितलं, नाही, तुम्ही दोघे एकत्र आलात तर उत्तरेकडे ग्राहकाला पर्यायच उरणार नाही. मग व्होल्वोने फ्रान्सचे रेनॉ ट्रक घेतले. स्कॅनियात फोक्सवागन शिरली. २००६ मध्ये जर्मनीच्या मानने स्कॅनियावर चाल केली, स्कॅनियाने जोरदार विरोध केला. शेवट असा, की २००८ मध्ये स्कॅनिया आणि २०११ मध्ये मान, दोन्ही फोक्सवागनच्या घरात. आज दोघी ट्रॅटन नावाच्या एकाच छपराखाली नांदतात. शिकार करायला निघालेला आणि शिकार, दोघं एकाच पिंजऱ्यात.

त्याच ट्रॅटनने २०२१ मध्ये अमेरिकेची नॅव्हिस्टार घेतली. नॅव्हिस्टार म्हणजे पूर्वीची इंटरनॅशनल हार्वेस्टर. आणि याच इंटरनॅशनल हार्वेस्टरकडे १९७२ पासून दहा-अकरा वर्षं डॅफचा एक तृतीयांश हिस्सा होता! या धंद्यात सगळे एकमेकांचे कधी ना कधी पाव्हणे लागतात.

भांडणं बाहेरच्यांना दाखवायला असतात हेही खरं. सत्तरच्या दशकात व्होल्वो, डॅफ, फ्रान्सची साव्हिएम आणि जर्मनीची मागिरुस या चार प्रतिस्पर्ध्यांनी मध्यम ट्रकसाठी एकच केबिन मिळून बनवली. ते राजरोस होतं, खर्च वाचवायला होतं. पण जुलै २०१६ मध्ये युरोपियन कमिशनने मान, व्होल्वो-रेनॉ, डाइमलर, इव्हेको आणि डॅफ यांचा १९९७ ते २०११ असा चौदा वर्षं चाललेला संगनमताचा प्रकार बाहेर काढला. ट्रकच्या किमती आणि धूर कमी करण्याच्या तंत्राचा खर्च ग्राहकावर कसा टाकायचा हे ठरवून चाललं होतं. दंड २.९३ अब्ज युरो. मानने स्वतःच जाऊन सांगितलं म्हणून तिला माफी. स्कॅनियाने कबूल केलं नाही, तिला पुढच्या वर्षी वेगळा ८८ कोटी युरोंचा. म्हणजे एकमेकींना गिळायला निघालेल्या कंपन्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, की पैसे ट्रक घेणाऱ्याने द्यायचे. त्यात एक किंवा दोन ट्रक असलेले आबांसारखे कितीतरी असणार.

आबांची आठवण आलीच होती, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. आबांचं वय त्र्याऐंशी, कान थोडे गेलेत, पण ट्रक म्हटलं की व्यवस्थित ऐकू येतं.

"आबा, ट्रकचं म्युझियम बघायला आलोय."

"कुठली गाडी?"

"डॅफ."

"ती काय म्हाईत न्हाई. आमची मर्सिडीज व्हती."

हे आबांचं कायमचं. ते सतराव्या वर्षी क्लीनर म्हणून ज्या ट्रकवर चढले तो टाटा-मर्सिडीज होता. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. तोंडावर तीन टोकांची चांदणी. कराडहून गूळ घालून मुंबईला निघालेल्या त्या ट्रकला आबा आजही मर्सिडीज म्हणतात आणि आम्ही नातवंडं हसतो, कारण आमच्या डोळ्यांसमोर वेगळीच मर्सिडीज असते. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी 'टी' आला.

मी त्यांना माझी सगळी कथा ऐकवली. डॅफ, लेलँड, कोणी कोणाला घेतलं. शेवटी हेही सांगितलं, की जुलै २०२५ मध्ये टाटांनी इटलीची इव्हेको विकत घेण्याचा करार जाहीर केला, संरक्षणाचा विभाग सोडून, ३.८ अब्ज युरोंना. जी इव्हेको २००७ पर्यंत अशोक लेलँडमध्ये भागीदार होती, तीच. मला वाटलं आबा खूष होतील. चांदणी उसनी घेणारा आता युरोपातलं दुकान विकत घेतोय, अभिमानाची गोष्ट आहे.

आबा म्हणाले, "मालक कोन त्येचं गाडीला काय? चांदणी गेली आन् टी आला, तवा बी पाना त्योच लागत व्हता."

मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "मानसांचं काय केलं पन त्येंनी? जुन्या?"

मला वाटलं ते इटलीबद्दल विचारतायत. म्हटलं, ते अजून कळायचंय आबा. मग लक्षात आलं की आईने माझ्या कंपनीचं त्यांच्या कानावर घातलेलं असणार. मी म्हटलं, माझी नोकरी आहे. ते म्हणाले, "तुजी हाय ती कळलं. बाकीच्यांची?"

आबांचं एक वाक्य मला त्या कॅफेत बसल्या बसल्या पटलं होतं. पाना तोच लागतो. नाव जातं, मालक जातो, गावही जातं, पण एखादी वस्तू नीट केलेली असेल आणि कोणाला तरी तिची गरज असेल तर ती टिकते. लेलँडचं इंजिन टिकलं, हुबचा पट्टा टिकला. दादाने लिहिलेलं बिलिंगचं मॉड्यूलही टिकेल. नव्या कंपनीने विकत घेतलं ते तेच तर आहे. मी त्यावर खूष होऊन हा लेख तिथेच संपवला असता. इतिहास वाचणाऱ्याला ते सोपं पडतं. तो १९९३ वरून थेट १९९६ वर येतो, मधे एक ओळही लागत नाही.

पण इंजिन टिकलं म्हणजे ते बनवणारा टिकला असं नाही. दोन रकाने वेगळे आहेत. वर मी 'थोडी माणसं परत घेतली, थोडी नाही' असं एका वाक्यात लिहून मोकळा झालो, त्या वाक्यात एक अख्खी गल्ली आहे, जिथून एक माणूस कित्येक महिने पाव आणायला गेला नाही. त्याने काही वाईट केलं नव्हतं. त्याचं नाव फक्त दुसऱ्या यादीत होतं. मी तर शंभर पानं लिहून घेतली होती.

सहा वाजता, म्हणजे पुण्यात साडेनऊ-दहा, दादाला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"काय रे, पाऊस आहे का तिकडे?"

मी म्हटलं, हो, आहे. आणि मग तयार केलेली सगळी वाक्यं विसरून एकदम म्हटलं, "दादा, मला केटीच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं."

तो म्हणाला, "मला पहिल्या दिवशी." आणि हसला. मनापासून हसला असं म्हणणार नाही, पण हसला. मग म्हणाला, "तू लिहून घेतलंस ते बरं झालं. दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर सगळं चुकीचं लिहिलं असतं."

त्याने सगळं माफ केलं वगैरे असं काही झालं नाही. मधे बराच वेळ दोघंही गप्प होतो. त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी दहावीला आहे. मी माझ्या ओळखीतल्या दोन जागा सांगितल्या, त्याने लिहून घेतल्या. मग मी त्याला उलट्या शर्यतींचं सांगितलं, ते मात्र त्याला फार आवडलं. पाऊण तास बोललो.

सोमवारी नव्या नावाचा बिल्ला मिळाला. फोटो जुनाच आहे. दाराचं मशीनही जुनंच, पहिल्यांदा लाल दिवा आणि दुसऱ्यांदा हिरवा, हे पूर्वीसारखंच. कोडच्या फायली उघडल्या की वर लेखक म्हणून दादाचं नाव येतं. नव्या कंपनीच्या नियमाप्रमाणे त्या ओळी काढून तिथे कंपनीचं नाव घालायचं काम माझ्याकडे आलंय. या आठवड्यात झालं नाही. पुढच्याही आठवड्यात जरा काम जास्त आहे :)

असो. पुढच्या शनिवारी भेटू.